मोफत मिळालेले अपग्रेड न गमावता लॅपटॉपवर विंडोज पुन्हा कसे टाकावे

लॅपटॉप घेतला तेव्हा त्यावर विंडोज १० होते, पुढे विंडोज ११ मोफत मिळाले, आणि आता लॅपटॉप मंदावल्यामुळे किंवा जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची असल्यामुळे सगळे पुसून विंडोज नव्याने टाकायचे आहे, अशा वेळी बहुतेकांना एकच धास्ती असते. ज्याचे पैसे दिले नाहीत, ज्याची डीव्हीडी नाही आणि ज्याची प्रॉडक्ट की (विंडोज खरे असल्याची खूण असलेला २५ अक्षरी क्रमांक) कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही, ते विंडोज परत कुठून मिळणार? ते परत मिळते आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. मात्र काही गोष्टी डिस्क पुसण्याआधीच तपासून ठेवाव्या लागतात, कारण पुसल्यानंतर त्या तपासण्याची सोय उरत नाही. हा लेख मुख्यतः विंडोज १० वरून ११ वर गेलेल्या लॅपटॉपसाठी आहे. विंडोज ७ किंवा ८.१ वरून मोफत १० वर आलेल्यांनाही यातील बहुतेक पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतात, आणि जिथे फरक आहे तिथे तसे सांगितले आहे.

१. लायसन्स नेमके कुठे असते

सर्वसाधारण समजूत अशी असते की विंडोजचे लायसन्स हार्ड डिस्कवर असते आणि डिस्क फॉरमॅट केली की ते जाते. प्रत्यक्षात ते दोन ठिकाणी असते आणि दोन्ही ठिकाणे डिस्कच्या बाहेरची आहेत. विंडोज ८ पासून पुढे कंपनीनेच विंडोज टाकून विकलेल्या लॅपटॉपमध्ये प्रॉडक्ट की मदरबोर्डवरील बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) चिपमध्येच भरलेली असते. दुसरी नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. तुम्ही मोफत अपग्रेड घेऊन विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झाले, त्या क्षणी तुमच्या लॅपटॉपच्या हार्डवेअरची ओळख तिथे नोंदवली गेली, आणि यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. जमिनीवरचे घर पाडून नवे बांधले तरी सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही, तसाच हा प्रकार आहे; इथे जमीन म्हणजे मदरबोर्ड. म्हणून एसएसडी बदलली, रॅम वाढवली किंवा डिस्क दहा वेळा फॉरमॅट केली तरी लायसन्सला धक्का लागत नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र प्रश्न उभा राहतो.

विंडोज १० च्या प्रॉडक्ट कीवर विंडोज ११ अ‍ॅक्टिव्हेट होते, त्यामुळे मूळ विंडोज १० घेऊन आलेल्या लॅपटॉपला दुहेरी आधार असतो. जुन्या लॅपटॉपचे तसे नाही. विंडोज ७ आणि ८.१ साठी मोफत अपग्रेडची योजना २९ जुलै २०१५ रोजी सुरू झाली आणि अधिकृतपणे २९ जुलै २०१६ रोजी संपली. त्यानंतरही कित्येक वर्षे जुनी प्रॉडक्ट की टाकून विंडोज १० अ‍ॅक्टिव्हेट होत असे, पण सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केल्याचे जाहीर केले. अशा लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवरील प्रॉडक्ट कीचा आता काही उपयोग नाही, आणि सर्व्हरवरील डिजिटल लायसन्स एवढाच त्यांचा आधार आहे. म्हणून पुढची पायरी त्यांनी अधिकच काळजीपूर्वक पार पाडावी.

२. काहीही पुसण्याआधी अ‍ॅक्टिव्हेशन तपासा

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अ‍ॅक्टिव्हेशन असे जा. विंडोज १० मध्ये हेच पान सेटिंग्जमधील अपडेट अँड सिक्युरिटी या विभागात आहे. इथे दोन गोष्टी पाहायच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे एडिशन, म्हणजेच विंडोजचा प्रकार. भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपवर फार मोठ्या प्रमाणात ‘होम सिंगल लँग्वेज’ हे एडिशन असते, आणि ते ‘होम’पेक्षा वेगळे आहे. होमचे लायसन्स सिंगल लँग्वेजला चालत नाही आणि सिंगल लँग्वेजचे होमला चालत नाही. जे नाव दिसेल ते अक्षरशः तसेच कागदावर लिहून ठेवा किंवा फोनने त्याचा फोटो काढा.

दुसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅक्टिव्हेशन स्टेट. तिथे डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचे आणि ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी लिंक असल्याचे वाक्य दिसले, तर उत्तम. नुसतेच डिजिटल लायसन्स दिसले आणि अकाउंटचा उल्लेख नसला, तर त्याच पानावरून अकाउंट जोडून घ्या. अकाउंट जोडलेले नसले म्हणून लायसन्स जात नाही, परंतु पुढे हार्डवेअर बदलल्यामुळे अडचण आली तर सोडवणुकीची वाट अकाउंटवरूनच जाते. त्या अकाउंटचा पासवर्ड तुम्हाला आठवतो ना, हेही याच वेळी दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून प्रत्यक्ष लॉगिन करून पाहा. अनेकांचे अकाउंट लॅपटॉप घेताना दुकानदाराने उघडून दिलेले असते आणि त्यातील फोन नंबर कोणाचा आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

या पानावर एक तिसराच प्रकार आढळू शकतो. विंडोज तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिसद्वारे अ‍ॅक्टिव्हेट झाले आहे, असे वाक्य घरगुती लॅपटॉपवर दिसले, तर आधी कोणीतरी फॉरमॅट मारून देताना चोरीचे ‘प्रो’ टाकले आहे, असे समजावे. खात्री करायची असेल तर स्टार्टवर उजवे क्लिक करून ‘रन’ उघडा आणि रोमन लिपीत एस-एल-एम-जी-आर ही अक्षरे, एक जागा, तिरकी रेघ (/) आणि एक्स-पी-आर असे टाइप करा. खऱ्या लायसन्सवर ‘पर्मनंटली अ‍ॅक्टिव्हेटेड’ असे उत्तर येते, तर अशा चोरट्या अ‍ॅक्टिव्हेशनवर बहुधा मुदत संपण्याची तारीख दिसते. सुदैवाने तुमचे मूळ होम सिंगल लँग्वेज बायोसमध्ये शाबूत असते. ते एडिशन पुन्हा टाकले की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते, आणि माझ्या मते विंडोज पुन्हा टाकण्यासाठी यापेक्षा चांगले कारण नाही. लॅपटॉप नोकरीच्या ठिकाणचा असेल तर मात्र हेच वाक्य रास्त असते आणि अशा यंत्राला तुम्ही हातच लावू नये.

३. बिटलॉकरची रिकव्हरी की हाती घ्या

ही पायरी गाळल्यामुळे झालेले नुकसान भरून येत नाही. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करताच डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला कुलूप लागते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. सी ड्राइव्ह पुसायचाच असल्याने त्याची चिंता नाही, परंतु डी ड्राइव्हही एन्क्रिप्ट केलेला असतो, आणि नवे विंडोज सुरू झाल्यावर डी उघडायला गेलात की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर त्या ड्राइव्हवरील फोटो आणि कागदपत्रे कोणीही परत काढून देऊ शकत नाही.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या विभागात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर ‘डिव्हाइसेस’ विभागात जाऊन रिकव्हरी की शोधा. एकाच अकाउंटवर दोन-तीन लॅपटॉपच्या नोंदी असू शकतात, म्हणून लॅपटॉपचे नाव आणि की आयडीची पहिली आठ अक्षरे जुळवून मगच सहा-सहा अंकांचे आठ गट कागदावर उतरवा. फोटो काढून तो त्याच लॅपटॉपमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. याहून सोपा उपाय म्हणजे सेटिंग्जमधील त्या पानावर डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करणे आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत लॅपटॉप चार्जरला लावून ठेवणे.

४. काय जमवावे आणि काय जपावे

साधने म्हणून किमान ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह, तुमच्या डेटाला पुरेल एवढी बाहेरची हार्ड डिस्क, चार्जर, चालू इंटरनेट आणि यूएसबी केबलसह एक अँड्रॉइड फोन एवढे लागते. कागदपत्रांत एडिशनचे नाव, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा ईमेल व पासवर्ड, रिकव्हरी की, लॅपटॉपचा मॉडेल व सिरियल नंबर, आणि वॉरंटी चालू असेल तर खरेदीचे बिल हाताशी ठेवा.

डेटाच्या बाबतीत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स सगळेच घेतात. राहून जाते ते दुसरेच, आणि मराठी घरांत किंवा छोट्या कार्यालयांत पुढील गोष्टी हमखास सुटतात.

पहिली गोष्ट म्हणजे फॉन्ट. श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतीदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइल त्या फॉन्टविना उघडल्या तर ‘¸ÉÒ’ अशा थाटाची निरर्थक चिन्हे दिसतात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट उचलून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. दुसरी गोष्ट टॅलीची. तिचा डेटा फोल्डर तर घ्यावाच, शिवाय तिचे लायसन्स त्या यंत्राशी बांधलेले असल्याने फॉरमॅटआधी ते टॅलीमधूनच ‘सरेंडर’ करावे. जीएसटी किंवा आयकरासाठी डिजिटल सिग्नेचरचे यूएसबी टोकन वापरत असाल, तर सर्टिफिकेट टोकनमध्येच सुरक्षित असते आणि फक्त त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. त्या वेळी ‘इनिशिअलाइझ’ हे बटण चुकूनही दाबू नका, त्याने सर्टिफिकेट पुसले जाते.

लॅपटॉपसोबत कायमस्वरूपी ऑफिस आले असेल तर त्याचे लायसन्स विंडोजपेक्षा वेगळे असते आणि ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेले असते. वेबसाइटवरील ‘सर्व्हिसेस अँड सब्स्क्रिप्शन्स’ या पानावर ते दिसते का, हे आधी पाहून घ्या. वनड्राइव्ह वापरत असाल तर ज्या फाइलवर ढगाचे चिन्ह आहे ती लॅपटॉपवर नसतेच, हेही लक्षात असू द्या.

५. खरेच सगळे पुसायला हवे का

लॅपटॉप नुसता कुरकुरत असेल तर आधी सौम्य उपाय करून पाहावेत. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या पानावर विंडोज अपडेटच्या साहाय्याने विंडोज पुन्हा टाकण्याचा पर्याय आहे. त्यात फाइल, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज जागच्या जागी राहून फक्त विंडोजच्या फाइल बदलतात. त्याच पानावर ‘रिसेट धिस पीसी’ आहे. त्यात फाइल ठेवता येतात पण प्रोग्रॅम जातात, आणि क्लाउड डाउनलोड निवडल्यास सुमारे ४ जीबी डेटा खर्च होतो. या दोन्ही मार्गांत एडिशन बदलण्याचा धोका नाही, म्हणून नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

कंपनीच्या रिकव्हरी पार्टिशनमधून (डिस्कच्या राखून ठेवलेल्या भागातून) केलेले ‘फॅक्टरी रिसेट’ मात्र वेगळे आहे. ते लॅपटॉप कारखान्यातून निघाला त्या स्थितीला, म्हणजे विंडोज १० किंवा ८.१ ला, घेऊन जाते. डिजिटल लायसन्स त्यामुळेही रद्द होत नाही, पण अपग्रेडचा खटाटोप पुन्हा करावा लागतो. त्यातच विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला आहे. हा मार्ग मी सुचवणार नाही.

नवी एसएसडी बसवली असेल, व्हायरसचा संशय असेल किंवा चोरीचे विंडोज काढून टाकायचे असेल, तर पेनड्राइव्हवरून कोरे इन्स्टॉलेशन हाच मार्ग आहे. पुढच्या पायऱ्या त्याच्या आहेत.

६. पेनड्राइव्ह तयार करा

मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत वेबसाइटवरून विंडोज ११ साठीचे (लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर १० साठीचे) ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून घ्या आणि ते चालवून पेनड्राइव्ह तयार करा. पेनड्राइव्हवरील आधीचे सर्व पुसले जाते. दुसऱ्याच्या संगणकावर हे काम करत असाल तर शिफारस केलेली भाषा त्या संगणकाची असू शकते, म्हणून ती खूण काढून भाषा स्वतः निवडा. सिंगल लँग्वेजमध्ये विंडोजची भाषा नंतर बदलता येत नाही. मराठी टायपिंगवर याचा काहीही परिणाम होत नाही. मराठी फोनेटिक कीबोर्ड सिंगल लँग्वेजवरही सुखाने चालतो.

याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवरून, तुमच्या मॉडेलसाठी दिलेला वायफायचा ड्रायव्हर आणि इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरसाठी ‘रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर उलगडून ठेवा. ते का, ते पुढे येईल.

७. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा आणि लगेच बूट मेन्यूचे (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या यादीचे) बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होमध्ये ते बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९ आणि आसूसमध्ये एस्केप असते. एसरमध्येही एफ१२ आहे, पण काही मॉडेलमध्ये ते बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावे लागते. हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही असा संदेश आला आणि त्याच लॅपटॉपवर कालपर्यंत विंडोज ११ चालत होते, तर बायोसमध्ये टीपीएम किंवा सिक्युअर बूट (विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या सोयी) बंद झाले आहे का ते पाहा. इंटेलच्या बायोसमध्ये टीपीएम हे ‘पीटीटी’ या नावाने आणि एएमडीच्या बायोसमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने दिसते.

आता सर्वांत महत्त्वाचा पडदा. प्रॉडक्ट की विचारली गेली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ हा पर्याय निवडा. स्टिकरवरची, इंटरनेटवर सापडलेली किंवा कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रॉडक्ट की इथे टाकू नका. त्यानंतर एडिशनची यादी आली तर दुसऱ्या पायरीत लिहून ठेवलेले नावच निवडा. यादीत होम, होम सिंगल लँग्वेज आणि प्रो एकाखाली एक असतात, आणि फुकटच आहे तर प्रो घेऊ, असा मोह इथे होतो. तसे केले की लायसन्स जुळत नाही. प्रॉडक्ट की आणि एडिशन यांपैकी काहीच विचारले गेले नाही तर घाबरू नका, बायोसमधील प्रॉडक्ट की वाचून सेटअपने एडिशन स्वतःच ठरवले आहे. याची एक बाजू अशी की बायोसमध्ये होम आणि तुमचे लायसन्स मात्र प्रोचे असेल, तरीही होमच टाकले जाते. त्याचा उपाय नवव्या पायरीत आहे.

सेटअपमध्ये सगळे पुसले जाईल याला संमती देणारी चौकटही येते. प्रत्यक्षात काय पुसायचे ते त्यानंतर पार्टिशन निवडताना ठरते. नवी एसएसडी असेल तर एकच रिकामी जागा दिसेल, ती निवडून पुढे जा. जुनीच डिस्क असेल तर सुमारे १०० एमबीचे सिस्टिम पार्टिशन, १६ एमबीचे राखीव पार्टिशन, सी ड्राइव्ह आणि एक छोटे रिकव्हरी पार्टिशन अशी रांग दिसते. एवढीच डिलीट करून मोकळी झालेली जागा निवडावी आणि डी ड्राइव्हला हात लावू नये. इथे ड्राइव्हची अक्षरे दिसत नाहीत, केवळ आकार दिसतो, म्हणून सी आणि डी किती जीबीचे आहेत हे आधीच लिहून ठेवलेले बरे. बाहेरची हार्ड डिस्क या वेळी काढून ठेवा. एकही डिस्क दिसत नसेल तर एसएसडी खराब झाली असे लगेच समजू नका. ‘लोड ड्रायव्हर’ निवडून पेनड्राइव्हवरील रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर दिला की ती बहुधा दिसू लागते.

८. पहिल्यांदा सुरू होताना

विंडोज ११ होमला सुरुवातीच्या मांडणीतच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागते. वायफायचा ड्रायव्हर नसल्यामुळे पुष्कळजण या पडद्यावर अडकतात. अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, लॅपटॉपला बहुधा इंटरनेट मिळते. लॉगिन मात्र ज्या अकाउंटला लायसन्स जोडले होते त्यानेच करा, इथे घाईत नवे अकाउंट उघडू नका.

९. अ‍ॅक्टिव्हेशन झाले नाही तर

इंटरनेट मिळाल्यावर थोड्याच वेळात अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होते. ते झाले नाही तर आधी अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावरील एडिशन तुमच्या कागदावरील नावाशी ताडून पाहा, कारण बहुतेक वेळा घोटाळा तिथेच असतो. बायोसमुळे होम टाकले गेले आणि तुमचे डिजिटल लायसन्स प्रोचे असेल, तर ‘ट्रबलशूट’ हे बटण ते शोधून काढते आणि प्रोवर जाण्याची सोय करून देते. उलट, तुम्ही चुकीने वरचे एडिशन टाकले असेल, तर पुन्हा इन्स्टॉल करण्याला पर्याय नाही.

मदरबोर्ड बदलला असल्यास त्याच ‘ट्रबलशूट’मध्ये या यंत्राचे हार्डवेअर अलीकडे बदलले, हा पर्याय निवडून अकाउंटने लॉगिन करा आणि यादीतून आपला लॅपटॉप निवडा. हा उपाय दर वेळी चालतोच असे नाही, विशेषतः कंपनीने टाकून दिलेले लायसन्स मूळ बोर्डाशीच बांधलेले असल्यामुळे. म्हणून बोर्ड अधिकृत सेवा केंद्रातच बदलून घ्यावा आणि लॅपटॉप ताब्यात घेण्यापूर्वी तिथल्या काउंटरवरच अ‍ॅक्टिव्हेशनचे पान उघडून दाखवायला सांगावे.

सगळे सुरळीत झाल्यावर विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवून ड्रायव्हर पूर्ण करून घ्या, मग ऑफिस आणि टॅली टाका. डिव्हाइस एन्क्रिप्शन या वेळी पुन्हा आपोआप चालू झालेले असू शकते. तसे असेल तर त्याची रिकव्हरी की नवी असते, त्यामुळे कागदावरची जुनी खोडून नवी उतरवून ठेवा. बाहेरच्या हार्ड डिस्कवरील बॅकअप मात्र निदान महिनाभर तरी पुसू नका.